एका फॅक्सचे वीस फॅक्स कसे होतात?

रामनवमीचा उत्सव आठवड्यावर आला की शिर्डीतल्या हॉटेलांच्या कार्यालयांत पत्रांची घाई सुरू होते. उत्सवाच्या तीन दिवसांचे खोल्यांचे दर काय, बस कुठे उभ्या करायच्या, आगाऊ रक्कम कधीपर्यंत भरायची, हे सगळे सहल कंपन्यांना कळवायचे असते. समजा, अशा एका कार्यालयाला दोन पानांचे पत्र वीस ठिकाणी पाठवायचे आहे: बारा मुंबईत, पाच हैदराबादेत, तीन पुण्यात. टेबलावर फॅक्सचे यंत्र एकच आणि त्याला जोडलेली फोनची लाइनही एकच. कर्मचारी दोन पाने एकदाच यंत्रात घालतो, एक बटण दाबतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तासाभराने यंत्रातून एक अहवाल बाहेर येतो. त्यावर वीस क्रमांक असतात, अठरांच्या पुढे ‘ओके’ आणि दोहोंच्या पुढे ‘बिझी’.

मोबाइलच्या ग्रुपवर संदेश टाकण्याची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण टेलिफोनची लाइन एका वेळी एकाच ठिकाणी जोडलेली असते, हे आठवले की प्रश्न पडतो. मग एका पत्राची वीस पत्रे झाली कुठे? लाइनवर, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, की त्या टेबलावरच्या यंत्रात?

कागदाचे ठिपके

उत्तराकडे जाण्याआधी फॅक्स नेमके काय पाठवतो ते पाहू. फॅक्सला अक्षरे कळत नाहीत. तो कागदाचे चित्र पाठवतो. ए-फोर आकाराच्या कागदाची प्रत्येक आडवी ओळ तो १७२८ ठिपक्यांत मोडतो आणि प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदवतो. साध्या दर्जात उभ्या दिशेने एका मिलिमीटरला ३.८५ ओळी वाचल्या जातात. म्हणजे एका पानाच्या साधारण ११४३ ओळी आणि सुमारे पावणेवीस लाख ठिपके.

हे ठिपके आहेत तसे, सेकंदाला ९६०० या वेगाने पाठवले तर एका पानाला जवळजवळ साडेतीन मिनिटे लागतील. प्रत्यक्षात टाइप केलेले पान मिनिटाभरात किंवा त्याहून लवकर जाते, कारण कागदाचा बराचसा भाग कोरा असतो. यंत्र एकेक ठिपका न सांगता ‘तीनशे पांढरे, चार काळे, पन्नास पांढरे’ अशी मोजणी पाठवते, आणि त्या मोजणीसाठी ठरलेल्या सांकेतिक खुणा वापरते. जी लांबी वारंवार येते तिला आखूड खूण, क्वचित येणारीला लांब. १७२८ ठिपक्यांची संपूर्ण कोरी ओळ अवघ्या १७ एक-शून्यांत मावते. ओळ संपल्याची १२ अंकांची खूण तेवढी वेगळी.

चित्र पाठवण्याचा मोठा लाभ मराठीला झाला. तारायंत्र आणि टेलेक्स अक्षरे पाठवत आणि बहुतेक यंत्रांवर ती रोमन असत. फॅक्समुळे राहात्याच्या किंवा कोपरगावच्या वार्ताहराला हाताने लिहिलेली बातमी नगरच्या, नाशिकच्या कचेरीत जशीच्या तशी धाडता येऊ लागली. सही, गोल शिक्का, समासातली दुरुस्ती सगळे सोबत जाई. फक्त एक सावधगिरी हवी. साध्या दर्जात दोन ओळींत पाव मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर असते, त्यामुळे अनुस्वाराचे बारीक टिंब जेमतेम दोन ओळींत सापडते आणि कधी निसटतेही. ‘फाइन’ दर्जात ओळी दुप्पट होतात. वेळही जवळजवळ दुप्पट लागतो, पण मराठी मजकुरासाठी तो खर्च करावा असे माझे ठाम मत आहे.

कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडचा घड्याळजी अलेक्झांडर बेन याने १८४३ मध्ये तारेवरून चित्र पाठवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८६५ मध्ये इटलीतल्या जोव्हान्नी कासेल्ली या धर्मगुरूच्या यंत्राने पॅरिस ते लिआँ अशी सेवा सुरूही झाली. मात्र कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी बोलू शकेल, ही सोय झाली १९८० मध्ये, ‘ग्रुप ३’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरल्यावर. आजही कार्यालयात दिसणारी बहुतेक सगळी फॅक्स यंत्रे याच मानकाची आहेत.

आधी बोलणी, मग पान

फॅक्स लावताना कानावर पडणारे सूर आणि खरखर म्हणजे दोन यंत्रांतली बोलणी असतात. पाठवणारे यंत्र अर्ध्या सेकंदाचा एक सूर काढते, तीन सेकंद थांबते, पुन्हा काढते. ‘मी माणूस नाही, फॅक्स आहे’ ही त्याची ओळख. पलीकडचे यंत्र लाइन उचलून साधारण तीन सेकंदांचा, जरा उंच सूर देते. मग पलीकडून माहिती येते: मी या वेगाने घेऊ शकतो, एवढ्या रुंदीचा कागद आहे, फाइन दर्जा चालेल. इकडचे यंत्र त्यातून निवड करून कळवते आणि दीड सेकंद नुसती शून्ये पाठवून लाइन तपासते. शून्ये नीट पोहोचली तर पलीकडून होकार येतो. लाइनवर खरखर असेल तर नकार येतो आणि वेग एक पायरी खाली आणला जातो: १४४००, १२०००, ९६००, ७२००, असे उतरत अगदी २४०० पर्यंत.

त्यानंतर पान जाते. पान संपले की पाठवणारा विचारतो, ‘मिळाले?’ पलीकडून ‘मिळाले’ आले की पुढचे पान जाते, आणि पाने संपली की निरोप घेऊन दोघेही लाइन सोडतात. यंत्रात चूक-दुरुस्तीची सोय असेल तर पानाचे छोटे तुकडे करून पाठवले जातात आणि जो तुकडा बिघडला तेवढाच पुन्हा मागवला जातो.

वीस जणांना एकाच वेळी फॅक्स का जात नाही, याचे कारण या बोलण्यांतच आहे. समजा, कॉन्फरन्स कॉल लावून एका लाइनवर तीन यंत्रे आणली. तिघे एकदम उत्तर देतील आणि सूर एकमेकांत मिसळतील. एकाला १४४०० चा वेग चालेल, दुसऱ्याला ४८०० हवा असेल. एकाला तिसरा तुकडा पुन्हा हवा असेल, दुसरा पुढे गेलेला असेल. फॅक्सची भाषा दोघांपुरतीच रचलेली आहे. एक्स्चेंजही यात मदत करत नाही. ते दोन टोके जोडून देते आणि आवाज इकडून तिकडे जाऊ देते. त्या आवाजाची प्रत काढून ठेवणे त्याच्या कामात बसत नाही. ई-मेलमध्ये वाटेतला सर्व्हर पत्र साठवतो आणि त्याच्या प्रती काढतो. साध्या फोनवर तसा मधला कुणी नसतो, म्हणून साठवणे आणि प्रती काढणे हे काम टोकावरच्या यंत्रालाच करावे लागते.

यंत्र लक्षात ठेवते

म्हणजे वीस पत्रे होतात ती टेबलावरच्या यंत्राच्या स्मृतीत. सुरुवातीच्या साध्या यंत्रांना ही स्मृती नव्हती. वीस जणांना पत्र पाठवायचे तर माणूस वीस वेळा क्रमांक फिरवी आणि तेच कागद वीस वेळा आत सारी. स्मृती आल्यावर कागद एकदाच वाचला जाऊ लागला. त्याची ठिपक्यांची मोजणी आत साठते, कर्मचारी ‘ग्रुप’ निवडतो, आणि यंत्र यादीतले क्रमांक एकामागून एक लावते. पहिला क्रमांक बिझी असेल तर त्याच्यासाठी अडून न बसता दुसऱ्याकडे वळते आणि ठरावीक वेळाने पहिल्याकडे परत येते. ठरलेल्या प्रयत्नांनंतरही जमले नाही तर अहवालात तसे नोंदवते. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. रेडिओच्या प्रसारणात सगळे एकाच क्षणी ऐकतात, इथे मात्र प्रत्येकाची पाळी येते.

आपल्या पत्राचा हिशेब करू. पानाला एक मिनिट आणि बोलण्यांना अर्धे, म्हणजे एका ठिकाणाला अडीच मिनिटे आणि विसांना पन्नास. एवढा वेळ शिर्डीची लाइन अडकून पडते. उत्सवाच्या आधी खोली मिळेल का हे विचारणारा भाविक फोन लावत राहतो आणि त्याला बिझीचा सूर ऐकू येतो. म्हणूनच यंत्रांत ‘उशिरा पाठवा’ ही सोय असते: कागद संध्याकाळी वाचून ठेवायचा आणि पाठवण्याची वेळ रात्रीची लावायची. नव्वदच्या दशकात याला दुसरेही कारण होते. रात्री उशिरा एसटीडीचा, म्हणजे परगावच्या कॉलचा, दर दिवसाच्या पावपट असे.

या सोयीला त्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात एक शत्रू होता, भारनियमन. वीज गेली की पुष्कळ यंत्रांची स्मृती काही तासच टिके, काहींची लगेच पुसली जाई. वीज आल्यावर यंत्र कोणती पत्रे हरवली त्याची यादी छापून देई. रात्री लावलेले काम सकाळी तपासायचे, ही सवय अशा ठिकाणी उपयोगी पडे.

मामाकडे गठ्ठा

आता ‘रिले’कडे, म्हणजे मधल्या यंत्रामार्फत पत्र पुढे धाडण्याच्या सोयीकडे येऊ. वीसपैकी बारा पत्ते मुंबईतले आहेत. शिर्डीचा एसटीडी कोड ०२४२३, मुंबईचा ०२२. शिर्डीहून मुंबईला बारा वेळा फोन लावणे म्हणजे बारा एसटीडी कॉल. जुन्या दरपद्धतीत कॉलचे पैसे ‘पल्स’ या एककाने मोजत; स्थानिक कॉलचा एक पल्स तीन मिनिटांचा असे, आणि दूरच्या एसटीडीचा पल्स काही सेकंदांतच संपे. अडीच मिनिटांचा तोच फॅक्स मुंबईतल्या मुंबईत एका पल्समध्ये बसे, शिर्डीहून केला तर पल्सवर पल्स पडत.

लग्नघरात पत्रिका वाटताना आपण काय करतो? मामाच्या गावात बारा घरे असतील तर बारा वेळा तिकडे जात नाही. गठ्ठा मामाकडे देतो, सोबत ‘आपल्या भावकीतल्या सगळ्यांना’ एवढी सूचना देतो, आणि मामा त्याच्या गावात घरोघर पोहोचवतो. रिलेमध्ये हेच घडते. शिर्डीचे यंत्र मुंबईतल्या एका यंत्राला, समजा हॉटेलच्याच मुंबईच्या बुकिंग कचेरीतल्या यंत्राला, एकदाच पत्र पाठवते आणि सोबत सूचना देते: हे तुझ्या अमुक ग्रुपला पुढे पाठव. मुंबईचे यंत्र पत्र स्मृतीत घेते, शिर्डीशी बोलणे संपवते आणि मग बारा स्थानिक कॉल लावते.

फायदा पैशांपुरता नाही. शिर्डीहून आता वीसऐवजी नऊच कॉल होतात आणि लाइन पन्नासऐवजी साडेबावीस मिनिटांत मोकळी होते. मुंबईची अर्ध्या तासाची फेरी त्याच वेळी तिकडे चाललेली असते. शिवाय मुंबईतले क्रमांक बदलले तर यादी मुंबईतच सुधारली जाते, शिर्डीने ती सांभाळायची गरज उरत नाही.

ती सूचना यंत्राला कळते कशी? आधीच्या यंत्रांत प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे रिलेसाठी दोन्ही टोकांना एकाच कंपनीची यंत्रे लागत. पुढे मानकात ‘उपपत्ता’ आला. बोलण्यांच्या टप्प्यावर पाठवणारे यंत्र वीस अंकांपर्यंतचा एक जादा क्रमांक कळवते. पलीकडच्या यंत्रात त्या क्रमांकाची एक रिले पेटी आधीच तयार केलेली असते आणि त्या पेटीला ग्रुप जोडलेला असतो. त्या पेटीत पडणारे प्रत्येक पत्र ग्रुपला जाते. सोबत पासवर्ड लावता येतो, आणि तो लावावाच. नाहीतर ज्याला उपपत्ता कळेल तो तुमच्या बिलावर बारा जणांना पत्रे धाडू शकेल.

रिले यंत्रानेच करावा, माणसाने नव्हे, याला आणखी एक कारण आहे. मुंबईच्या कचेरीतल्या कुणी आलेला फॅक्स छापून तोच कागद पुन्हा यंत्रात घातला तर ठिपक्यांचे पुन्हा ठिपके होतात. रेषा तुटतात, मात्रा जाड होतात, अनुस्वार हरवतात. थर्मल कागदावरचा फॅक्स असेल तर तो आधीच फिकट असतो. यंत्र मात्र स्मृतीतले ठिपके जसेच्या तसे पुढे देते.

चौकट: चार रस्ते

*साधा फॅक्स:* एक कागद, एक कॉल, एक ठिकाण.
*ब्रॉडकास्ट:* कागद एकदा वाचला जातो, तुमचेच यंत्र सगळ्यांना पाळीपाळीने लावते. प्रत्येक कॉलचा खर्च तुमचा, प्रत्येक ‘ओके’ही थेट तुमच्याकडे.
*रिले:* तुमचा कॉल एक, पुढचे कॉल दुसऱ्या यंत्राचे. तुम्हाला लगेच मिळणारा ‘ओके’ त्या मधल्या यंत्राचा.
*फॉरवर्ड:* तुमच्याकडे आलेला फॅक्स तुमचे यंत्र आपोआप दुसऱ्या क्रमांकावर किंवा ई-मेलवर धाडते. मूळ पाठवणाऱ्याला हे कळतही नाही.

‘ओके’ कुणाचा?

लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा इथे येतो. मामाने गठ्ठा घेतला म्हणजे बारा घरी पत्रिका गेल्या असे होत नाही. शिर्डीच्या अहवालावर मुंबईपुढे ‘ओके’ छापले गेले, त्याचा अर्थ एवढाच की मुंबईच्या मधल्या यंत्राने पत्र घेतले. पुढचे बारा फॅक्स त्या क्षणी लागलेलेही नसतात. चांगल्या यंत्रांत यावर उपाय असतो: मधले यंत्र सगळे कॉल झाल्यावर आपला अहवाल मूळ यंत्राला उलट फॅक्सने पाठवते. त्यासाठी मूळ यंत्राचा क्रमांक मधल्या यंत्रात नोंदवलेला असावा लागतो. तो नोंदवणे राहिले तर अहवाल येतच नाही आणि न आलेल्या अहवालाकडे कुणाचे लक्षही जात नाही.

थेट पाठवलेल्या फॅक्सचा ‘ओके’सुद्धा मर्यादित असतो. पलीकडच्या यंत्राने पान स्वीकारले, इतकेच तो सांगतो. कागद संपलेला असेल तर पान स्मृतीत पडून राहते. कागद असेल तर पान ट्रेमध्ये पडते आणि ते कुणी उचलले की नाही, हे यंत्राला माहीत नसते. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये हाच पेच सगळ्या देशाने पाहिला. माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र राजभवनाला फॅक्सने पाठवण्याचा प्रयत्न केला आणि ते जात नसल्याचे जाहीर केले. राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी त्याच दिवशी विधानसभा विसर्जित केली, आणि सुट्टीमुळे फॅक्स हाताळायला कुणी नव्हते, असे नंतर सांगितले.

शिर्डीच्या परिसरात, संदेश खरेच पोहोचला का, या प्रश्नाला पावसाळ्यात वेगळे वजन येते. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत पाणी सोडले की ते खाली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगावला आणि राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याला येते, मग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर, गंगापूर तालुक्यांच्या कडेने जायकवाडीच्या नाथसागरात जाते. एक सूचना तीन जिल्ह्यांना लागते. ती जिल्हा कार्यालयाने घ्यायची, तहसीलला कळवायची, तहसीलने गावांना. फॅक्स असो, बिनतारी संदेश असो की मोबाइल, रचना रिलेचीच राहते, आणि प्रत्येक टप्प्यावर मिळणारी पोच त्या एका टप्प्यापुरतीच असते. म्हणून अशा कामात फोन करून ‘संदेश मिळाला का’ असे विचारायचे, घेणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदवहीत लिहायची, आणि शेवटच्या गावाची पोच वरपर्यंत परत येईपर्यंत नोंद उघडी ठेवायची, ही शिस्त यंत्रापेक्षा मोलाची आहे.

कार्यालयातही तिचे छोटे रूप सहज पाळता येते. मराठी सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून जी यादी असते, तीत प्रत्येक नावापुढे पोच मिळाल्याची खूण करायला जागा ठेवावी. रिलेने गेलेल्या फॅक्सच्या माथ्यावर छापली जाणारी ओळ अनेकदा मधल्या यंत्राची असते, त्यातली वेळही त्या यंत्राच्या घड्याळाची. ते घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर वेळही चुकीचीच छापली जाते. त्यामुळे मूळ पाठवणारा कोण आणि पत्र किती वाजता निघाले, हे पत्राच्या मजकुरातच लिहावे.

फायबरच्या लाइनवर

आता बऱ्याच कार्यालयांत तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली आहे आणि फोन इंटरनेटवरून चालतो. तिथे ‘जुने यंत्र आहे तेच आहे, पण फॅक्स अर्ध्यावर तुटतो’ अशी तक्रार ऐकू येते. कारण सरळ आहे. इंटरनेटवरचा फोन आवाजाचे तुकडे करून पाठवतो. बोलण्यात एखादा तुकडा हरवला तर कानाला कळत नाही, फॅक्सची मात्र त्यात अख्खी ओळ जाते. काही जोडण्या आवाज दाबून लहान करतात आणि त्यात फॅक्सचे सूर विकृत होतात. यासाठी ‘टी ३८’ नावाचे वेगळे मानक आहे. त्यात जोडणीचे उपकरण फॅक्सचे सूर ओळखून त्यांतली माहितीच काढून घेते, इंटरनेटवरून पाठवते आणि पलीकडे पुन्हा सूर तयार करते. सेवा देणाऱ्याकडे आणि उपकरणात दोन्हीकडे ते सुरू असावे लागते.

ते नसेल तर दोन साधे उपाय करून पाहावेत. यंत्राचा कमाल वेग १४४०० वरून ९६०० वर आणावा, आणि वीस जणांची यादी असेल तर ती पाच-पाचच्या चार ग्रुपमध्ये तोडावी, म्हणजे मध्येच काही बिघडले तर कुठे बिघडले ते अहवालावरून लगेच दिसते.